आकाश निळं, बर्फ पांढरा, मग धोका कुठेय? हिमस्खलन समजून घेताना

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे फार अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. नाशिकचा एक श्रोता म्हणतो, "दादा, आम्ही पाच जण फेब्रुवारीत गुलमर्गला चाललोय. दोघांचं स्कीइंग बऱ्यापैकी झालंय. तिथला ओळखीचा एक मुलगा म्हणतो, गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून दोरीच्या पलीकडे नेतो, तिकडे कुणी न तुडवलेला बर्फ मिळतो. बर्फ पडून दोन दिवस झाले आणि ऊन असलं की जायचं, असं ठरलंय. चालेल ना?"

"ऊन असलं की जायचं." या चार शब्दांवर आख्खा एपिसोड करायचा ठरवला.

कारण बघा, आपण सह्याद्रीत फिरलेली माणसं. आपलं डोकं आजच्या हवेवर चालतं. मुसळधार पाऊस आहे, घाटात दरडी पडतायत, तर घरी बसा. चार दिवस उघडीप मिळाली की निघा. हा हिशोब इथे बराचसा बरोबर आहे. बर्फाच्या उतारावर मात्र तो अर्धाच लागू पडतो. तिथे आज काय पडतंय याच्याइतकंच नोव्हेंबरमध्ये काय पडलं होतं हे महत्त्वाचं असतं, आणि नोव्हेंबरचा बर्फ फेब्रुवारीत तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. तो खाली दबलेला असतो.

आधी गुलमर्गचा नकाशा डोळ्यासमोर आणा. गाव साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर. म्हणजे तिकीट काढून, काही न चालता, तुम्ही कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच जागी उभे राहता. गोंडोलाच्या आसपासचा ठरावीक पट्टा स्की पेट्रोलची माणसं तपासतात, धोका वाटला तर बंद ठेवतात. त्या पट्ट्याच्या बाहेरचं सगळं म्हणजे बॅककंट्री. तिथे कुणी तपासत नाही, कुणी बंद करत नाही. आणि दोन्हींच्या मध्ये पुष्कळदा एक दोरी किंवा एक फलक, बस्स. बर्फ दोन्हीकडे सारखाच पांढरा दिसतो, खरी गोची तिथेच आहे.

तिथे काय घडलंय ते थोडक्यात सांगतो, घाबरवायला नाही. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान प्रशिक्षण सुरू असताना हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले, त्यांच्या आसपासच्या बाकीच्या परदेशी स्कीअर्सना वाचवण्यात यश आलं. २२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा गुलमर्ग, एक रशियन स्कीअर गेला, सोबतचे वाचले. त्याच आठवड्यात खाली गुलमर्गमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या. तीन घटना, तिन्ही फेब्रुवारीतल्या, आणि तिन्हीत गेलेली माणसं बर्फात नवखी नव्हती.

आता मूळ मुद्दा. बर्फ साचतो कसा?

आपल्याला वाटतं, बर्फ पडला, ढीग झाला, नवा पडला, ढीग वाढला. तसं नसतं. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर बनतो. मधल्या दिवसांत ऊन पडलं तर वरचा पापुद्रा वितळून रात्री कडक होतो. वारा आला तर बर्फाच्या चांदण्या मोडून बारीक भुकटी होते आणि ती घट्ट दाबली जाते. थंड, निरभ्र, शांत रात्र असेल तर पृष्ठभागावर दवासारखे पिसांच्या आकाराचे स्फटिक उगवतात. सकाळी उन्हात ते इतके सुंदर चमकतात की प्रत्येकजण फोटो काढतो. मग त्यावर नवा बर्फ पडतो आणि ती सुंदर पिसं खाली गाडली जातात. अशी एकावर एक पानं चढत जातात. या सगळ्या चळतीला इंग्रजीत स्नोपॅक म्हणतात. आपण हिमथर म्हणू.

यातला सगळ्यात बदमाश थर बहुतेकदा तळाशी असतो, आणि तो कसा बनतो हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत भारी प्रकरण वाटतं. म्हणून इथे जरा थांबू.

हिवाळ्यात बर्फाखालची जमीन फार थंड नसते. पृथ्वीची ऊब आणि वर बर्फाचं पांघरूण, त्यामुळे तळाशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. वर हवा समजा उणे १५. आता बर्फ फक्त ४० सेंटिमीटर जाड असेल, तर हा १५ अंशांचा फरक ४० सेंटिमीटरमध्ये बसवायचाय. दर १० सेंटिमीटरला जवळपास पावणेचार अंश. तेच बर्फ २ मीटर जाड असेल, तर दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून कमी. आणि अभ्यासकांचा ढोबळ नियम असा की दर १० सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर बर्फाचे कण बिघडायला लागतात.

बिघडतात म्हणजे काय? खालच्या उबदार भागातली वाफ वरच्या गार भागाकडे सरकते. वाटेत ती कणांवर पुन्हा गोठते, आणि गोल, एकमेकांना चिकटलेल्या कणांच्या जागी मोठे, टोकदार, पैलूदार कण तयार होतात. त्यांची एकमेकांशी गाठच बसत नाही. हातात घेऊन लाडू वळायला जा, वळत नाही, बोटांतून सांडतो. जगभर याला साखर-बर्फ म्हणतात, आणि आपल्याकडच्या जाड साखरेसारखाच तो दिसतो आणि वागतो.

म्हणजे गंमत काय झाली? ज्या वर्षी सुरुवातीला बर्फ कमी पडतो ते वर्ष सुरक्षित नसतं. उलट! थोडासा बर्फ पडला, मग कडाक्याच्या थंडीचे कोरडे आठवडे गेले, काश्मिरात ज्याला चिल्लई कलां म्हणतात ते २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस निरभ्र गेले, की खाली साखरेचा थर तयार. मग फेब्रुवारीत एखादा जोरदार पश्चिमी झंजावात येतो आणि दोन-तीन दिवसांत त्या साखरेवर मीटरभर बर्फ टाकून जातो. सगळे खूश, रील्स सुरू, "सीझन आला!" २०२४ चा हिवाळा आठवा. जानेवारीत गुलमर्गचे उतार तपकिरी होते, बातम्या येत होत्या, पर्यटक परत फिरत होते. बर्फ आला तो जानेवारी संपता संपता आणि फेब्रुवारीत. असा हिवाळा दिसला की मला तरी पोटात गोळा येतो.

बरं, साखर खाली आहे. मग वरचा बर्फ?

वरचा बर्फ जर भुसभुशीतच राहिला तर तो थोडाथोडा घरंगळतो, त्याचा फार त्रास होत नाही. पण वाऱ्याने दाबला गेला, स्वतःच्या वजनाने बसला, की त्याचा सलग पत्रा होतो. याला स्लॅबच म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की घराचं छत आठवतं, आणि खरं सांगू, ती कल्पना वाईट नाही. घरी करून बघा. ताटात साबुदाणा पसरा, त्यावर फरशीचा एक तुकडा ठेवा, ताट हळूहळू तिरकं करा. काही वेळ काहीच होत नाही. आणि मग एका क्षणी सगळं एकदम जातं. फरशीला काही झालेलं नसतं, खालचा साबुदाणा धरत नाही. (आईला विचारून करा. साबुदाणा तिचा आहे.)

डोंगरावर मात्र एक गोष्ट या ताटापेक्षा भयानक असते. तुम्ही स्लॅबवर पाय ठेवता, तुमचं वजन खालच्या साखरेवर येतं, तिथले कण खाली बसतात आणि तो तडा थराथरातून आडवा पळत सुटतो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर आख्ख्या उताराखालचा आधार गेलेला असतो. वरती कुठेतरी एक रेघ उमटते, तिथून स्लॅब तुटतो आणि तुम्ही त्याच्या बरोबर मध्यावर उभे असता. म्हणजे कडा तुमच्या वर तुटतो, पळायला जागा नाही.

कधीकधी हे सपाटीवर होतं. पाय ठेवल्यावर खालून "व्हुम्फ" असा दबका आवाज येतो, जमीन इंचभर खचल्यासारखी वाटते. मनालीच्या वर एका कोर्समध्ये असताना मी तो आवाज एकदाच ऐकला. आमचे सर जागच्या जागी थांबले, कुणाशी काही न बोलता आले त्या पावलांवर मागे फिरले, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे. त्या दिवशीचा कार्यक्रम तिथेच संपला. त्यांनी नंतर एवढंच सांगितलं, "पहाड ने बोल दिया, अब बहस क्या."

आता तुमच्यातले काही जण म्हणतील की आवाजाने हिमस्खलन होतं, म्हणून डोंगरात ओरडायचं नाही. सिनेमातलं आहे ते. माणसाच्या ओरडण्यात तेवढा दाब नसतो. उतारावर भार टाकतो तो नवा बर्फ, वारा, पाऊस, आणि आपण स्वतः.

आणि "आपण स्वतः" यावर जरा जोर देतोय. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की हौशी स्कीअर आणि गिर्यारोहक ज्या जीवघेण्या हिमस्खलनांत सापडतात, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेली असतात. अर्थात सगळी तशी नसतात. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर जे कोसळलं, त्यात ५४ कामगार सापडले आणि ८ जण गेले. ती माणसं कुठे स्कीइंग करत नव्हती, कामावर होती, आणि वरून जोराची हिमवृष्टी चालू होती. तिथे निर्णय त्यांच्या हातात नव्हता. आपल्या नाशिकच्या मित्राच्या हातात तो आहे.

तर ऊन. जोराची हिमवृष्टी थांबल्यावर पहिले एक-दोन दिवस डोंगर नव्या वजनाशी जुळवून घेत असतो. नवा बर्फ जुन्याला नीट चिकटला तर दोन-तीन दिवसांत परिस्थिती खरोखर सुधारते, हे मान्य. पण खाली साखर असेल तर ती दोन दिवसांत सुधारत नाही, कधी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहते. आणि निळं आकाश बघून सगळे नेमके त्याच वेळी बाहेर पडतात. धोका थोडा कमी झालेला असतो, पण धोक्यात जाणारी माणसं दसपट झालेली असतात. वर दुपारचं ऊन दक्षिणेकडच्या उतारांवरचा बर्फ ओला, जड करतं, तो भाग वेगळाच.

वाऱ्याकडे तर कुणी बघतच नाही. आकाशातून एक कणही पडत नसताना वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, आणि तोही हिमवृष्टीच्या कितीतरी पट वेगाने. कड्यावरून पांढरा धूर उडताना दिसतो ना, फोटोत फार छान येतो, तो बर्फ पलीकडच्या आडोशाच्या उतारावर जाऊन बसतोय. तिथे स्लॅब तयार होतोय. "काल बर्फ पडलाच नाही" हे म्हणून भागत नाही.

उतार किती तीव्र असला की धोका? बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास सर्वांत जास्त. आपल्या बिल्डिंगचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हणजे जिन्याइतका किंवा त्याहून थोडा उभा उतार. दुर्दैवाने स्कीइंगला सगळ्यात मजा याच उतारावर येते! फोनमध्ये उतार मोजायचं ॲप असतं, ट्रेकिंगची काठी बर्फावर आडवी ठेवून तिच्यावर फोनची कड टेकवा, आकडा मिळतो. तुम्ही स्वतः २० अंशांवर उभे असाल तरी वर ३८ चा उतार टांगलेला असू शकतो, आणि तडा खालून वर पळू शकतो. म्हणून वर बघायचं. मला विचाराल तर नवख्याने आयुष्यभर एवढी एकच गोष्ट पाळली तरी खूप झालं: खाली, वर, बाजूला कुठेही ३० च्या पुढचा उतार जोडलेला नसेल तिथेच फिरायचं. बर्फाची पारख चुकू शकते. कोनमापक चुकत नाही.

पारख करतात कशी तेही सांगतो, कारण ते बघण्यासारखं असतं. सुरक्षित जागी, पण त्याच दिशेच्या आणि तशाच उतारावर, फावड्याने खड्डा खणतात, मीटर-दीड मीटर खोल. समोरची भिंत गुळगुळीत केली की थर केकसारखे दिसतात. बोट खुपसून बघायचं. मूठ सहज आत गेली तर मऊ, पेन्सिल लागली तर कडक. मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा एक खांब मोकळा करतात, त्यावर फावडं ठेवून वरून थापट्या मारतात. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापटीला आणि कुठल्या थरावर खांब सरकला ते नोंदवतात. चौथ्या-पाचव्या थापटीला वरचा ठोकळा ड्रॉवर उघडावा तसा अलगद पुढे आला, तर पॅकअप. मात्र ही चाचणी उलट वापरायची नसते. खांब टिकला म्हणजे उतार टिकेल असं नाही, पन्नास फुटांवर बर्फ पातळ असला की सगळं गणित वेगळं.

हे रोज मोजणारी, सांगणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. १९६९ मध्ये मनालीला सासे नावाची संस्था सुरू झाली, मुळात लष्कराच्या गरजेतून. २०२० मध्ये ती डीआरडीओच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन डीजीआरई झाली. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी त्यांचे इशारे येतात, अमुक जिल्हा, तमुक मीटरच्या वर, पुढचे २४ तास. जगभर वापरल्या जाणाऱ्या धोक्याच्या पायऱ्या पाच. आपण परीक्षेतल्या मार्कांसारखं वाचतो, पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, चालतंय. चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचे जवळपास निम्मे मृत्यू तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला बाहेर पडतात. आणि जिल्ह्याचा इशारा तुमच्या समोरच्या घळीबद्दल काहीच सांगत नाही.

गाडलं गेल्यावर काय, हे पटकन सांगतो. सुटलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, बोटही हलत नाही. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर दहातले तीनेक. खालून बचाव पथक यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणजे वाचवणार ते सोबतचेच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, पाठीवर प्रोबची घडीची काठी आणि धातूचं फावडं. तिन्ही हवीत, आणि वापरायचा सराव हवा. एक गोष्ट खास तुमच्यासाठी: चालू फोन ट्रान्सीव्हरच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतो. फोन त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवायचा, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर. छातीच्या खिशात ट्रान्सीव्हर आणि हातात रील रेकॉर्ड करणारा फोन, हे एकत्र जमणार नाही.

मला नेहमी सियाचेनचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड यांच्याबद्दल विचारतात. फेब्रुवारी २०१६, सहा दिवस बर्फाखाली राहून ते जिवंत सापडले. खरंय. दहा जण गाडले गेले होते, त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता. बाकीचे नऊ गेले, आणि हनुमंतप्पाही ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात गेले. त्या उदाहरणावर आपला प्लॅन बांधू नका.

अनुभवाचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीला हिमस्खलनाने गाठलं, २९ जण गेले. प्रशिक्षकांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. उताराला तुमचा बायोडेटा माहीत नसतो.

तर नाशिककर मित्रा, तुला माझं उत्तर: या फेरीत दोरीच्या अलीकडे राहा. तिथेही भरपूर बर्फ आहे, दोघंच तर स्की करणार आहात. तरीही जायचंच असेल तर त्या मुलाला फोन करून विचार, पाचही जणांना ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं मिळणार का? आदल्या संध्याकाळी सराव घेणार का? डिसेंबरमध्ये बर्फ किती होता, आणि त्यानंतर किती दिवस कोरडे गेले? नेणार तो उतार किती अंशांचा? धोकादायक पट्टा एकेकाने ओलांडणार, बाकीचे आडोशाला थांबून बघणार, की सगळे एकदम रांगेत? यातल्या एकाही प्रश्नावर तो हसून "कुछ नहीं होता भैया" म्हणाला, तर कोंगडोरीला गरम कहवा घे आणि खाली ये.

त्या मुलाने काय उत्तरं दिली ते मला नक्की पाठव, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवतो. आणि हो, तो साबुदाणा उचलून ठेवा रे.